सनरूफ गळतंय: सिलिकॉन भरण्याआधी चार नळ्या तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमध्ये सोसायटीच्या उतारावर, गुलमोहोराखाली उभी राहणारी साडेतीन वर्षांची एसयूव्ही, पॅनोरॅमिक सनरूफवाली. जूनमधल्या दोन-तीन मोठ्या सरींनंतर सिग्नलला ब्रेक मारला की आतल्या दिव्याजवळून पाण्याची धार पुढच्या सीटवर येते. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग ओलं आहे, गाडीत कुबट वास येतो. एका गॅरेजमध्ये काचेभोवती सिलिकॉन भरून घ्यायला सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी सनरूफची अख्खी असेंब्ली, म्हणजे काच, फ्रेम, मोटर सगळंच, बदलायला. घरी काही करता येईल का?

येईल. तुम्ही लिहिलेलं एक वाक्य फार उपयोगाचं आहे: ब्रेक मारला की धार येते. छताला भोक पडलं असतं तर गाडी उभी असतानाही ठिबकलं असतं. ब्रेक लागल्यावर पाणी पुढे झेपावतं, याचा अर्थ वर कुठेतरी ते साठून राहिलंय. ते कुठे साठतं हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

सनरूफच्या काचेभोवतीचं रबर पाणी पूर्ण अडवण्यासाठी बनवलेलंच नसतं. ते वारा, आवाज आणि बहुतेक पाणी अडवतं. उरलेलं थोडं पाणी आत येणार हे गृहीत धरूनच रचना केलेली असते. काचेच्या खाली चारही बाजूंनी एक पन्हळ असते, कौलारू घराच्या पागोळ्या धरणाऱ्या पन्हळीसारखीच. तिच्या कोपऱ्यांतून रबरी किंवा प्लास्टिकच्या नळ्या निघतात. साधारणपणे पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून खाली उतरतात आणि पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ किंवा फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, आत सुटतात. मागच्या दोन डिकीकडच्या खांबांतून उतरून मागच्या चाकाजवळ किंवा बंपरच्या आडोशाला बाहेर पडतात. नळीचं आतलं भोक करंगळीहूनही बारीक असतं. खालच्या तोंडाला बहुधा रबराची चिमटी असते. ती पाण्याच्या वजनाने उघडते आणि एरवी मिटलेली राहते, म्हणजे धूळ आणि किडे वर चढत नाहीत. गाळ अडकतो तो बहुतेक वेळा या चिमटीतच.

पुण्यात हे होण्याला ऋतूंचं गणितही जबाबदार आहे. एप्रिल-मेमध्ये बांधकामांची आणि रस्त्याची बारीक धूळ पन्हळीत बसते. त्याच दिवसांत गुलमोहोर आणि सोनमोहोर फुलतात, पाकळ्या आणि तांदळाएवढी पानं फटीतून आत जातात. चिंचेची पानंही तशीच. पिंपळाचं किंवा वडाचं मोठं पान फटीत शिरत नाही, म्हणून त्याचा त्रास कमी. मग वळवाची पहिली सर येते आणि या सगळ्याचा लगदा करून नळीच्या तोंडाशी नेऊन ठेवते. जूनपर्यंत तो वाळून घट्ट बसलेला असतो. त्यात सोसायटीत रोज गाडी पुसताना ओल्या फडक्याने टपावरचा कचरा काचेच्या कडेकडे ढकलला जातो. पुसणाऱ्याला एकदा नीट सांगा: आधी कोरड्या ब्रशने कडेचा कचरा झाडायचा, मग ओलं फडकं. एवढ्याने निम्मं काम होतं.

सिलिकॉन मात्र भरू नका. त्याची कारणं तीन आहेत. काच सरकते, त्यामुळे भरलेला थर पहिल्यांदा उघडताना फाटतो किंवा मोटरवर ताण येऊन केबल नाहीतर गाइड तुटतो. दुसरं, व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, त्याने पत्रा गंजतो. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: तुंबलेली नळी तशीच राहते. पाणी कुठून ना कुठून पन्हळीत येणारच, आणि आता ते दिसणारही नाही. नंतर खरी दुरुस्ती करायला गेलात की ते सिलिकॉन खरवडण्यातच अर्धा दिवस जातो, आणि त्याचा अंश राहिलेल्या जागी रंगही धरत नाही.

आता मुळात पाणी सनरूफचंच आहे ना, याची खात्री करून घ्या. पायाखालचं मॅटिंग बऱ्याच कारणांनी ओलं होतं. पाणी फक्त शेजारच्या सीटच्या पायापाशी येत असेल, थंड आणि स्वच्छ असेल आणि एसी चालवल्यावरच येत असेल, तर एसीची पाणी सोडणारी नळी तुंबली आहे, पावसाचा संबंध नाही. वायपर जिथून निघतात त्या काळ्या जाळीखाली पानं साचली असतील तरी पाणी डॅशबोर्डच्या मागून खाली येतं. दाराच्या आतलं प्लास्टिकचं आवरण स्पीकर बसवताना फाटलेलं असेल तर दाराच्या उंबऱ्याशी ओल दिसते. समोरच्या काचेचं चिकटवण, टपावरच्या रेलिंगचे बोल्ट आणि अँटेनाखालचं वॉशर हे बाकीचे संशयित.

शंका मिटवायला मास्किंग टेपचा एक रोल पुरतो. टप कोरडा पुसा, सनरूफच्या काचेभोवतीची सगळी फट टेपने बंद करा आणि बागेच्या पाइपने, तोंडाला नोझल न लावता, 10 मिनिटं पाणी सोडा. आधी समोरच्या काचेच्या खालच्या कडेवर, मग हळूहळू वर टपाकडे. एकदम वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडे वाहतं आणि काहीच कळत नाही. टेप असताना आत ओल आली, तर ते पाणी सनरूफचं नाही. टेप काढल्यावरच आली, तर पुढे वाचा. काम झाल्यावर टेप लगेच काढा, उन्हात तापली तर डिंक रंगावर राहतो.

सामान फार लागत नाही. गवत कापायच्या मशीनला लागते ती 2 ते 2.4 मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी, साधारण 4 मीटर. ती शेती अवजारांच्या दुकानात किंवा बोहरी आळीत मिळते. मेडिकलमधून 50 किंवा 60 मिलिलिटरची सिरिंज आणि सलाईनची नळी. जुना मऊ टूथब्रश, दोन मायक्रोफायबरची फडकी, टॉर्च, आणि ओलं ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम. काचेची उंची जुळवायची वेळ आलीच तर टॉर्क्स बिट, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेच्या स्क्रूला लागणारा बिट, लागतो, बऱ्याच गाड्यांत टी-25. नसेल तर नाना पेठेत मिळेल. व्हॅक्यूम आणि बिट सोडले तर बाकी सगळं पाचशेच्या आत होतं.

गाडी शक्यतो सपाट जागी लावा. सनरूफ पूर्ण उघडा आणि पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत टॉर्च मारा. पन्हळीत काळपट चिखल, पाकळ्या, कधी मुंग्यांची माती दिसेल. आधी हा कचरा बाहेर काढा; पाणी ओतून तो नळीत ढकलायचा नाही. फडकं बोटाला गुंडाळून आणि टूथब्रशने पुसून घ्या, मग व्हॅक्यूम लावा. रुळांवरचं ग्रीस पुसू नका. ते चुकून निघालंच तर कंपनीने सांगितलेलं ग्रीसच परत लावा. गंज सोडवणारा स्प्रे तिथे मारू नका. त्याने आहे ते ग्रीस धुऊन जातं आणि वर धूळ चिकटते.

मग चाचणी. सिरिंजमध्ये साधं पाणी घ्या आणि एका कोपऱ्यातल्या भोकाजवळ हळूहळू 50 मिलिलिटर सोडा. दुसऱ्या माणसाला त्याच बाजूचं पुढचं दार उघडून बिजागरीपाशी बघायला सांगा. नळी मोकळी असेल तर काही सेकंदांत खाली धार लागते आणि वर पाणी उभं राहत नाही. बिघाडाच्या तीन तऱ्हा असतात आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. वर पाणी तसंच उभं, खाली काहीच नाही: नळी तुंबली आहे. वर पाणी उतरतंय, पण खाली थेंब थेंब: अर्धवट तुंबली आहे, आणि रिमझिम पावसात ही नळी तुम्हाला फसवेल, कारण तेवढं पाणी ती निभावते, घाटातल्या पावसात हार मानते. तिसरी तऱ्हा वाईट: वर पाणी झपकन उतरतंय, पण खाली काहीच येत नाही. म्हणजे नळी निपलवरून (पन्हळीच्या ज्या छोट्या तोंडावर ती चढवलेली असते त्यावरून) निसटली आहे किंवा मध्येच फाटली आहे, आणि ते पाणी छताच्या अस्तरात जातंय. तिथेच थांबा, आणखी पाणी ओतू नका.

मागचे कोपरे पॅनोरॅमिक सनरूफमध्ये सहसा दिसत नाहीत. काच मागून उचललेल्या स्थितीत ठेवा, सलाईनची नळी सिरिंजला जोडा, तिचं टोक फटीतून मागच्या कोपऱ्यात सरकवा आणि तसंच पाणी सोडा. हाताचा अंदाज यायला थोडा वेळ लागतो. डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी सापडत असेल तर ही मागची चाचणी चुकवू नका. तुमच्या तक्रारीवरून दोष पुढे आहे, पण गाडी नाक खाली करून उतारावर उभी राहत असेल तर पुढच्या नळ्यांवर चारही कोपऱ्यांचं पाणी येतं. घरचा उतार कुठल्या दिशेला आहे तेही बघा. ड्रायव्हरच्या बाजूला कल असेल तर तीच नळी सगळा भार घेत असणार.

तुंबलेली नळी साफ करायला खालून सुरुवात करा. खालचं तोंड शोधा: पुढचं दार पूर्ण उघडलं की दार आणि फेंडर यांच्यामधल्या फटीत, बिजागरीच्या आसपास, रबराचं बुच दिसतं. ते दोन बोटांत धरून दाबा, चिमटी उघडेल. पुष्कळदा एवढ्यानेच काळा लगदा बाहेर येतो आणि पाठोपाठ कपभर घाण पाणी. खाली वाडगं धरा, म्हणजे किती साठलं होतं ते कळेल. आता नायलॉनच्या दोरीचं टोक लायटरवर क्षणभर धरून गोल करून घ्या, नाहीतर कापलेली धारदार कड नळीला आतून ओरखडे पाडते. दोरी वरून घाला, सावकाश, बोटांत फिरवत. खांबाच्या वळणाशी थोडी अडते, तिथे मागेपुढे केलं की सरकते. जोर लावावा लागत असेल तर थांबा. तुंबलेल्या जागी पोचलात की स्पर्श वेगळा लागतो: कडक अडथळा नसतो, ओल्या मातीत काडी रुतावी तसा मऊ असतो. तिथे वीसेक वेळा हलक्या हाताने मागेपुढे करा, मग सिरिंजने कोमट पाणी सोडा, परत दोरी. धार नितळ होईपर्यंत. वरच्या भोकाशी व्हॅक्यूमचं तोंड फडक्याने गुंडाळून लावलं तर गाळ वरच्या वर ओढला जातो, ही सगळ्यात सुरक्षित पद्धत.

लोखंडी तार, छत्रीची काडी, सायकलची उघडी ब्रेक केबल यांतलं काही घालू नका. नळी मऊ असते, वळणावर आरपार होते. पंक्चरवाल्याकडची हवाही मारून घेऊ नका, मग तो कितीही आग्रह करो. नळी वरच्या निपलवर बहुधा नुसती दाबून बसवलेली असते. खाली बुच बंद आणि वरून कॉम्प्रेसरचा दाब आला की ती सुटते ती छताच्या अस्तराच्या आत. मग पाचशे रुपयांचं काम अस्तर उतरवण्यापर्यंत जातं. हवा मारायचीच असेल तर तोंडाने फुंका, तेवढा दाब पुरतो. खालची चिमटी कापून टाकायचा सल्लाही मिळेल. पाणी झटकन जाईल हे खरं, पण तिथून धूळ, किडे आणि चाकाने उडवलेला चिखल वर चढेल. साफ करून ठेवलेली चिमटी कापायची काही गरज पडत नाही.

नळ्या मोकळ्या झाल्यावर रबराकडे या. साध्या पाण्यात दोन थेंब शाम्पू, ओल्या फडक्याने रबर आणि ते जिथे टेकतं ती पत्र्याची कड दोन्ही पुसा. कडेवर बसलेली वाळू हे रबर झिजण्याचं मोठं कारण आहे. कोरडं झालं की सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, बोटाला जेमतेम चिकटेल इतका. इंजिन ऑइल, व्हॅसलीन, डिझेल वापरू नका. या रबराला खनिज तेल सोसत नाही, ते फुगतं आणि सैल पडतं. खोबरेल तेलावर धूळ बसते आणि मुंग्या येतात. रबराला चीर पडली असेल किंवा कोपऱ्यातला जोड उघडला असेल तर ते बदलावंच लागतं.

काच नीट बसते का हे बघायला कागदाची पट्टी घ्या, दोन बोटं रुंद. ती कडेवर ठेवून सनरूफ बंद करा आणि ओढा. सगळीकडे सारखा विरोध लागायला हवा. एखाद्या ठिकाणी पट्टी अलगद निघाली तर काच तिथे खाली बसली आहे. सर्वसाधारण नियम असा की काचेची पुढची कड टपाच्या पातळीत किंवा जेमतेम 1 मिलिमीटर खाली, आणि मागची कड पातळीत किंवा तेवढीच वर. अचूक आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा धरा. काचेच्या बाजूचे स्क्रू अर्धा-पाऊण फेरा सैल करून हे जुळवता येतं, पण दोन माणसं हवीत आणि घाई नको. तुमच्या गाडीत मागची मोठी काच स्थिर असेल तर ती चिकटवलेली असते. तिच्या कडेने पाणी येत असेल तर ते घरचं काम नाही.

नळी निसटल्याचं कळलं तर तिथे हात घालायचा का? माझं मत: नाही. पुढच्या खांबांच्या आवरणामागे आणि छताच्या कडेने पडद्यासारख्या एअरबॅग असतात, आणि अस्तर एकट्याने उतरवताना दुमडलं तर ती घडी कायमची राहते. हे वर्कशॉपला द्या, पण नेमकं काय करायचं ते सांगून द्या: पुढच्या बाजूने अस्तर थोडं खाली घ्या, नळीचं कडक झालेलं टोक इंचभर कापा, निपलवर परत चढवा, वर छोटी क्लिप लावा. प्लास्टिकच्या पन्हळीला कोपऱ्यात तडा गेला आहे का, तेही तेव्हाच बघून घ्या. अख्खी असेंब्ली बदलायची गरज त्या तड्याच्या किंवा वाकलेल्या फ्रेमच्या वेळी येते. तुंबलेल्या नळीसाठी कधीच नाही. गाडी वॉरंटीत असेल तर काही उघडण्याआधी सिरिंजच्या चाचणीचा व्हिडिओ काढा आणि जॉब कार्डवर ‘सनरूफच्या चारही नळ्या तपासणे’ असं लिहून घ्या.

आता मॅटिंग. लोक इथे आळस करतात आणि खरं नुकसान इथेच होतं. वरची चटई वाळलेली दिसते, पण खाली जाड फोम असतो आणि तो स्पंजासारखा काही लिटर पाणी धरून ठेवतो. त्याच्याच खालून वायरिंग जातं. काही दिवसांनी कनेक्टरच्या पितळेवर हिरवा थर येतो, मग दारांची लॉक, सीटबेल्टचा दिवा, एअरबॅगचा दिवा असले विचित्र दोष सुरू होतात. दाराच्या उंबऱ्याची पट्टी काढा, मॅटिंगची कड उचला, फोम मुठीत दाबा. पाणी निघालं तर आधी व्हॅक्यूमने ओढून काढा. नंतर फोमखाली कपड्याच्या गुंडाळ्या घालून तो उचललेला ठेवा आणि टेबलफॅनची हवा त्या फटीत सोडा. जुलैत नुसत्या काचा उघड्या ठेवून काही वाळत नाही, हवेतच ओल असते. मोकळ्या मैदानात गाडी चालू ठेवून एसी आतली हवा फिरवण्यावर लावला तर आतला दमटपणा झपाट्याने कमी होतो. बंद पार्किंगमध्ये किंवा बेसमेंटमध्ये हे करू नका, धुराने जीव जाऊ शकतो. पूर्ण वाळायला तीन-चार दिवस धरा. सीट काढावी लागली तर तिच्याखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी, 10 मिनिटं थांबून मगच हात लावा, आणि ते सुटे असताना चावी फिरवू नका. बॅटरी काढल्यावर सनरूफ अर्धवट चालायला लागलं तर घाबरू नका, त्याला आपली जागा परत शिकवावी लागते. बऱ्याच गाड्यांत बंद करायचं बटण 10 सेकंद किंवा जास्त दाबून धरून हे होतं, क्रम मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

छताच्या अस्तरावरचा डाग घासू नका. कापडामागचा पातळ फोम सुटला की अस्तर लोंबायला लागतं. पूर्ण वाळू द्या, मग फेस करून घेतलेल्या शाम्पूचा फक्त फेस फडक्यावर घेऊन डागाच्या बाहेरून आत टिपा.

पुढच्या वर्षापासून मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा आणि पावसाळ्याच्या मध्यावर एकदा पन्हळ पुसा, सिरिंजने चारही नळ्या तपासा. वीस मिनिटांचं काम आहे. गाडी गुलमोहोराखालीच लागत असेल तर जूनमध्येही एकदा. प्रेशर वॉशर सनरूफच्या कडेवर जवळून मारू देऊ नका, हातभर अंतर ठेवायला सांगा.

या वेळचं काम झाल्यावर लगेच चटई टाकून मोकळे होऊ नका. ड्रायव्हरच्या पायाखाली, फोम आणि पत्रा यांच्यामध्ये टिश्यू पेपरची कोरडी घडी ठेवा. दोन-तीन चांगले पाऊस होऊ द्या, एकदा घरच्या उतारावर रात्रभर गाडी उभी राहू द्या, मग ती घडी काढून बघा. कोरडी निघाली तर चटई टाका. ओली निघाली तर सिरिंज परत हातात घ्या आणि या वेळी सुरुवात मागच्या नळ्यांपासून करा.